खुंटीवरची झारी

मी एक जुनी झारी आहे. माझा हिरवा रंग आता फक्त कडांना उरला आहे. सिल्वासाच्या बाजारात एका पत्रेवाल्याने तेलाचा डबा कापून माझं पोट केलं, त्याला नळी जोडली आणि तोंडाला बारीक भोकं पाडली. मित्रांनो, ज्याच्या तोंडाला एवढी भोकं, त्याला गप्प बसायला कसं जमणार? तेव्हापासून माझा जीव एका जागी रमत नाही. कोणी मला रिकामी ठेवलं की मला वाटतं, आता जगाचं कसं होणार!

मला मालतीबाईंनी विकत घेतलं. बाई रत्नागिरीकडच्या, इथे शाळेत शिकवतात. सिल्वासाजवळ अथाल गावात त्यांचं छोटं घर आहे आणि मागे परसबाग. त्या बागेचे कायदे निराळे. माती खणायची नाही, उघडी ठेवायची नाही. पाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या बुडाशी पसरायचा. मोरीचं पाणी चारीतून केळीकडे आणि वाफ्यांकडे जाणार. विकतचं खत मात्र फाटकाच्या आत येता कामा नये. मला काम असे ते लहान रोपांपुरतं. तरी बाई पाहुण्यांना सांगत, "या झारीने माझी वांगी जगवली हो." ते ऐकून मी उगाच ठणठण वाजत असे.

गेल्या माघात मला सुगीचे दिवस आले. बाईंच्या मागच्या खोलीत नवनाथ आणि त्याची बायको ममता भाड्याने राहतात. नवनाथ खानदेशातला, जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात धाग्याच्या मशीनवर कामाला. धागा तुटला की डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ मारायची, मशीन थांबू द्यायचं नाही, हे त्याचं बारा वर्षांचं काम. पण कारखान्यात नवीन मशीन बसवायचं निघालं आणि साहेबांनी त्याच्या खात्याला चार महिने घरी बसवलं. घरी बसणं त्याला माहीतच नव्हतं. तो खोलीतून परसात आणि परसातून खोलीत येरझारा घालू लागला.

त्यातच गावाहून त्याच्या आईचा, केसरबाईचा, फोन आला. तो फोन त्याने माझ्याच शेजारी उभं राहून घेतला.

"पोरा, मडक्यातली चवळी भुंग्यानं खाल्ली रे. समदा भुगा झाला. दिवाळीले तुले दिली ना, तेवढीच राह्यली आता. जपून ठेव."

ती चवळी म्हणजे केसरबाईने लग्नात माहेरून आणलेलं बियाणं. लहान दाणा, लाल डोळा, शिजायला मऊ. गावात आता सगळे दुकानातलं पाकीट आणतात. ही चवळी तिच्याखेरीज कोणाकडे नव्हती. नवनाथ आत धावला. ममताने डबा उपडा केला. दिवाळीपासून तिची तीनदा उसळ झाली होती. डब्याच्या सांदीकोपऱ्यातून अकरा दाणे निघाले.

"मायले काय सांगू?" नवनाथ म्हणाला.

"काही सांगू नका. आधी पेरा," ममता म्हणाली.

मालतीबाईंनी कुंपणाकडेचा वाफा दिला. "पेर आणि विसर. चवळीला आपली फारशी गरज नसते," एवढं सांगून त्या बोर्डाच्या परीक्षांच्या गडबडीत बुडाल्या. अकराही दाणे उगवले. मित्रांनो, त्या पहिल्या दिवसांत मी स्वतःला राणी समजत होते. नवनाथ मला सकाळी भरी, दुपारी भरी, संध्याकाळी भरी. पान जरा मान टाकलेलं दिसलं की आम्ही दोघं हजर. तो अस्वस्थ, मी अस्वस्थ. आमची जोडी छान जमली.

रोपं वाढत होती, पण त्याला ती हळू वाटत होती. एके दिवशी तो राखोली गावातल्या दुकानातून एक पुडी खिशात घालून आला. तिच्यात पांढरे दाणे होते. युरिया. इकडेतिकडे पाहून त्याने ते माझ्या पोटात टाकले आणि काठीने ढवळले. बागेचा कायदा मला ठाऊक होता. पण मी काय केलं? मी भरभरून ओतलं. कामाची हाव वाईट असते, हे मी तेव्हा शिकायला हवं होतं.

पंधरा दिवसांत वेल कुंपण ओलांडून गेले. पानं तळहाताएवढी, काळीभोर. ममता पाल्याची भाजी करून शेजारी वाटू लागली. फूल मात्र एकही नाही. नवनाथने आणखी एक पुडी आणली, मग आणखी एक. चैत्र लागला. कुंपणावर नुसतं हिरवं रान माजलं. नवनाथ रोज पान न् पान उलटून फूल शोधू लागला. हे वेल असेच सुकले असते, तर केसरबाईच्या माहेरचा दाणा माझ्या पाण्याने संपला असता.

पाडवा झाल्यावर केसरबाई स्वतःच आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी ती वाफ्यापाशी गेली, पानं चाचपली, आणि काही कळायच्या आत तिने एक वेल मुळासकट उपटला. नवनाथ ओरडला, "माय! अकराच आहेत!"

तिने मूळ झटकून त्याच्यासमोर धरलं. "पाह्य. चवळीच्या मुळाले बारीक बारीक गाठी राह्यतात, त्यातूनच ती आपलं खत आपण करते. याले गाठी कुठी आहेत? काय घालून राह्यला तू?"

नवनाथने मान खाली घातली. पुडीचं सांगितलं, उसळीचंही सांगितलं.

"अरे, हे आपलं कमवून खाणारं पीक. तू रोज आयतं ताट वाढून राह्यला. मंग ते कशाले हातपाय हालवीन?"

मालतीबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "नवनाथ, ती झारी इकडे दे." आणि त्यांनी मला उंच खुंटीवर टांगलं.

अपमान म्हणजे काय, ते मला त्या खुंटीवर कळलं. खाली ऊन तापत होतं, दुपारी वेल माना टाकत होते आणि मी कोरडी ठणठणीत. नवनाथ दिवसातून दहादा खुंटीखाली येई, वर बघे आणि परत जाई. वाफ्याला चारीतून येई तेवढंच पाणी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तरी केसरबाई गावी गेली नाही. फूल दिसल्याशिवाय ती हलणार नव्हती. आखाजीच्या सकाळी तिचीच हाक ऐकू आली, "ममता, इकडे ये वं!" माजलेल्या पानांखाली दोन जांभळट फुलं होती.

मग शेंगा लोंबल्या. केसरबाईने नवनाथला जवळ बसवलं. तिच्या घरी बियाण्याच्या शेंगेला धागा बांधतात, म्हणजे ती कोणी तोडत नाही. नवनाथने कारखान्यातून आणलेला लाल धागा काढला. त्याची बोटं किती दिवसांनी सरळ चालली! चांगली शेंग निवडायची, गाठ मारायची आणि सोडून द्यायची. सोडून देणं त्याला जड गेलं, पण त्याने ते केलं. वैशाख सरता सरता शेंगा वाळल्या. ओंजळभर दाणे निघाले. केसरबाईने ते राखेत घोळवले. अर्धे फडक्यात बांधून तिने मृगासाठी गावी नेले, अर्धे मालतीबाईंच्या बरणीत ठेवले.

आज वाफ्यात पुन्हा चवळीची दोन-दोन पानं आहेत. पाऊस चार दिवस दडी मारून बसला आहे. मघाशी नवनाथ कामावर जायला निघाला, वाफ्यापाशी थबकला आणि धावत येऊन त्याने मला खुंटीवरून काढलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझं पोट आनंदाने वाजलं. तो नळापाशी गेला. तोटीवर हात ठेवून तो वाफ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पाचोळा सारून मातीत बोट खुपसलं.

माती ओली होती. त्याने पाचोळा परत नीट पसरला.

तुम्ही ज्याची काळजी घेता, त्याच्या बुडाशी आधी असंच बोट घालून पाहा. नंतर माझ्याकडे या. नवनाथने मला रिकामीच परत खुंटीवर टांगलं आणि तो सायलीच्या वाटेला लागला. इतकं चांगलं काम मी आजवर पाणी ओतूनही केलं नव्हतं.