लशीतून सूट

नयना मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत नर्स होती. २०१६ साली लशीतून सूट मिळालेल्या दोनच मुलांची नावं तिच्या फायलीत होती. पहिलीतल्या केयूरची ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती, त्यामुळे त्याला गोवरची लस देताच येत नव्हती. दुसरं नाव तिसरीतल्या मेहविशचं. तिच्या चिठ्ठीवर ‘लशीची तीव्र अ‍ॅलर्जी’ असं लिहिलेलं होतं.

ती चिठ्ठी खोटी होती आणि नयनाला ते ठाऊक होतं. मेहविशची आई खुदेजा नयनाची शेजारीण. ती म्हणाली होती,

“लहानपणी इंजेक्शननंतर पोरीला फिट आली होती. माझ्या मांडीवर डोळे फिरवले तिनं. पुन्हा नाही बघवणार मला.”

तापामुळे तशी फिट येते, ती अ‍ॅलर्जी नव्हे, हे नयनानं तिला दोनदा समजावलं. खुदेजानं जवळच्या बरका गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणली आणि समोर बसून रडली. नयनानं ती फायलीला लावली.

मार्चमध्ये मेहविशला ताप आला. गोवराचं पुरळ उठायच्या आधी दोन दिवस ती तापातच शाळेच्या बसनं येत होती. त्याच बसमध्ये केयूर असायचा. मेहविश बरी झाली. केयूरच्या फुप्फुसात गोवर उतरला, आणि एप्रिलमध्ये तो गेला.

“आपल्याकडे डॉक्टरची सही आहे,” नयनानं चिठ्ठीचं सांगितल्यावर प्रिन्सिपल म्हणाले. “विषय खलास.”

नयना मस्कतच्याच रुवी भागात केयूरच्या घरी गेली. त्याचे वडील जनार्दन मृतदेह गावी न्यायच्या कागदांसाठी बाहेर गेले होते. आई, मैना, एकटीच होती. नयनानं तिला सगळं सांगितलं.

मैना म्हणाली, “ताई, त्या मुलीला लस द्या असं नसेल म्हणवलं तुम्हाला. पण केयूरला बसनं पाठवू नका, एवढं मला का नाही सांगितलंत? मी टॅक्सीनं सोडलं असतं.”



दुसऱ्या दिवशी तिनं आरोग्य खात्याला सगळं लेखी कळवलं. संध्याकाळी खुदेजा दारात उभी राहिली.

“माझं नाव कशाला लिहिलंस?”

“माझं आधी लिहिलंय.”

खुदेजा तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. जूनमध्ये नयनाची नोकरी गेली, व्हिसाही रद्द झाला. निघण्याआधी तिनं मैनाला दोनदा फोन लावला. मैनानं उचलला नाही.