दिव्यांच्या रस्त्याची ट्राम

मित्रांनो, मी एक जुनी ट्राम आहे. सध्या या बागेत माझा मुक्काम आहे. तुम्ही माझ्या पायरीवर बसून आइस्क्रीम खाता, माझ्या दांड्याला लोंबकळून फोटो काढता. म्हणून वाटले, आज तुमच्याशी चार शब्द बोलावे.

माझा जन्म नदीकाठच्या कारखान्यात झाला. सुतारांनी माझी बाके घासून घासून इतकी गुळगुळीत केली, की सुरुवातीला वळण आले की प्रवासी शेजाऱ्याच्या अंगावर घसरत आणि ओळखदेख नसताना हसू लागत. मला मार्गही इतरांना हेवा वाटावा असाच मिळाला. रेल्वे स्टेशनपासून थेट नाटकांच्या रस्त्यापर्यंत!

काय सांगू त्या रस्त्याची शान! दोन्ही बाजूंना नाटकगृहे, गाण्याचे हॉल, जादूच्या प्रयोगांचे मंडप. भिंतींवर माणसाहून मोठे रंगवलेले चेहरे. मागच्या दारापाशी तोंडाला रंग फासलेले राजे आणि राक्षस एकाच बाकावर बसून चहा पीत. संध्याकाळ झाली की सगळ्या पाट्यांचे दिवे लागत. ते पाहायला कुठून कुठून माणसे येत आणि स्टेशनवर माझ्यातच चढत. नकाशा उलटा धरलेला, खांद्यावरची पिशवी दारात अडकलेली आणि मी जागची हलण्याआधीच प्रश्न, "आला का हो नाटकांचा रस्ता?"

"बसा निवांत. रस्ता कुठे पळून जात नाही," आमच्या कंडक्टर मावशी म्हणत. माझे चालक दादा मात्र तोंडाने कमी आणि घंटेनेच जास्त बोलत.

एका संध्याकाळी एक म्हातारे जोडपे माझ्यात चढले. आजोबांनी आजींचा हात धरून त्यांना खिडकीशी बसवले. आजींना दिसत नव्हते.

"खिडकी कशाला अडवलीत?" आजी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"असू दे गं," आजोबा पुटपुटले. मग मावशींकडे वळून हळूच म्हणाले, "आमचं शिवणकामाचं दुकान. हिच्या मशीनसमोर या रस्त्याचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी हिने काढू दिलं नाही. मी आपला दरवेळी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. तेवढ्यात हिचे डोळे गेले."

मावशींनी आजोबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

मी वळण घेतले आणि नाटकांचा रस्ता समोर आला. सगळे प्रवासी एकदम "अहाहा!" म्हणाले. आजींनी मान वर केली.

"आलं का? काय दिसतंय, सांगा ना."

"दिवे आहेत," आजोबा म्हणाले. "खूप दिवे आहेत."

"अहो, दिवे आहेत ते मलाही ठाऊक आहे. कसे आहेत?"

आजोबा काचेला नाक लावून पाहू लागले, पण दिवे भराभर मागे पडत होते. मावशी पुढे जाऊन म्हणाल्या, "दादा, जरा सावकाश घ्या." दादांनी वेग इतका कमी केला, की मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. त्यांनी उलट माझी घंटा खणखणवली, पण वेग काही वाढवला नाही.

आजोबांनी आजींचे बोट धरून आपल्या बाहीवर ठेवले. "हे बघ, आभाळ म्हणजे गडद निळी मखमल. हात फिरवला की लव बसते ना, तशी. तिच्यावर टिकल्या. एकसारख्या नाहीत हं, घाईघाईत लावल्यासारख्या. लाल, पिवळ्या. आणि त्या मोठ्या नाटकगृहाला सोनेरी झालर आहे, सारखी सळसळतेय."

"झालर सरळ लावलीय का?" आजींनी विचारले.

"एका टोकाला उसवलीय. दोन दिवे गेलेत."

आजी खळखळून हसल्या. मग समोरच्या कॅमेरेवाल्या पाहुण्यालाही राहवेना. तो म्हणाला, "आजी, डावीकडे एक जादूगार आहे. टोपीतनं कबुतर काढलं, पण ते परत आत जायला तयार नाही!" मागची बाई म्हणाली, "आणि राणीच्या वेषातली मुलगी धावतेय बघा, एक बूट हातात घेऊन." बघता बघता अख्खी ट्राम आजींना रस्ता सांगू लागली.

शेवटचा थांबा आला. कुणी लगेच उतरले नाही. आजी म्हणाल्या, "माझ्या कॅलेंडरात इतकं नव्हतं हो काही." आजोबांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसत राहिले.

पुढे जमिनीखालून गाडी सुरू झाली. ती झपाट्याने जाते, पावसात भिजू देत नाही, तिच्याशी माझे भांडण नाही. पण लोक आता नाटकांच्या रस्त्याखालून जातात आणि जिन्याने थेट नाटकगृहाच्या दारात उगवतात. माझी बाके रिकामी राहू लागली. एक दिवस दादांनी मला आगारात नेले, हँडल काढून घेतले आणि माझ्या पत्र्यावर दोनदा थाप मारून ते मागे न पाहता निघून गेले. छपराखाली कबुतरांनी घरटी केली. माझा रंग पोपडे होऊन गळला.

मग या बागेच्या लोकांनी मला इथे आणले, रंग दिला. त्यांचे उपकार आहेत. तुम्ही येता, त्याचाही आनंद आहे. फक्त बाकांवर नावे कोरू नका, काचांना दगड मारू नका. जुनी झाले तरी माझे लाकूड अजून दुखते.

मित्रांनो, मला रुळांचा एक तुकडा दिला आहे. माझ्या पुढच्या चाकांपुढे तो वीतभर उरतो, मग गवत सुरू होते. अंधार पडला की झाडांच्या शेंड्यांवर एक तांबूस उजेड चढतो. तो कुठला आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी रूळ टाकणारे झालात, तर थोडे रूळ या गवतातून टाका. जास्त नकोत. त्या उजेडाच्या दिशेने टाका, म्हणजे झाले.