निळ्या मण्यांची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि माझ्या पोटात पहिल्यांदा साखर होती. माझ्या झाकणाला रबराचे घट्ट कडे होते. मुंग्या माझ्याभोवती फेर धरीत आणि हात हलवीत परत जात. त्या एका गुणामुळे माझे नशीब फिरले.

त्या घरातली मुलगी मोठी होऊन रानफुलांच्या बियांची बँक सांभाळू लागली. तिथल्या बरण्या ओल धरीत, म्हणून तिने मला आईकडून मागून नेले. माझ्या तळाशी तिने निळे मणी पसरले. हे मणी ओलावा पितात आणि पोट भरले की गुलाबी होतात. मण्यांवर जाळी, जाळीवर बियांच्या कागदी पुड्या.

तिचा धाकटा भाऊ झाडावर चढण्यात पटाईत. ताई त्याला 'खारोबा' म्हणे. नदीकाठी एका वृद्ध वृक्षाच्या खांद्यावर जांभळट ऑर्किड फुलत असे. तसे फूल त्या दोघांना दुसरीकडे कुठेच आढळले नव्हते. शेंग तडकली की पिठासारख्या बिया वाऱ्यावर जातात, म्हणून खारोबाने शेंगेला आधीच मलमलीची पिशवी बांधली आणि शेंग पिवळी पडताच ती उतरवली. पुढे तिथे पूल आला आणि वृक्ष गेला. उरल्या त्या माझ्या पोटातल्या बिया.

फ्रीझरमध्ये मला मानाची जागा मिळाली. पाहुण्यांना ताई मला दुरूनच दाखवी. खारोबा मात्र दरवर्षी तिच्या मागे लागे.

"ताई, एक पुडी तरी पेर ना."

"हात लावू नकोस. शेवटच्या आहेत त्या."

"म्हणूनच तर! का लोणचं घालणार आहेस त्यांचं?"

"पेरल्या आणि मेल्या तर? इथे निदान आहेत तरी."

मित्रांनो, तिची मायाच माझे कुलूप झाली. वर्षे सरली. मला कोणी उघडले नाही, तसे तपासलेही नाही. रबराचे कडे ताठरले, त्याला केसाएवढी चीर पडली आणि ओल चोरपावलांनी आत येऊ लागली. मला वाचा असती तर मी हाक मारली असती.

एकदा फ्रीझर पुसताना खारोबाने मला उजेडात धरले. त्याचे केस आता पिकले होते.

"ताई, मणी गुलाबी झालेत गं."

ती धावत आली. त्याचा हात झाकणावर गेलेला पाहून ओरडली, "उघडू नकोस! गार बरणी उघडलीस तर हवेतली ओल थेट बियांवर बसेल. आधी ऊब येऊ दे तिला."

"अजून थांबायचं? एवढी वर्षं थांबलोच की!"

"थांबवलं मीच. चुकलं माझं. पण एवढा वेळ थांब, बाबा."

मला टेबलावर ठेवून दोघे दोन्ही बाजूंना बसली, तापलेल्या लेकराच्या उशाशी बसावे तशी. माझ्या अंगावरून थेंब ओघळत राहिले. शेवटचा थेंब सुकला तेव्हा ताईने झाकण फिरवले.

वरच्या पुड्यांतल्या बिया ओलीने वाया गेल्या होत्या. अगदी तळाशी मात्र थोडे मणी अजून निळे होते, आणि त्यांच्यावर जाळीला टेकलेली एक पुडी कोरडी होती.

ऑर्किडच्या बीपाशी स्वतःची शिदोरी नसते; रानात एक बुरशी तिला भरवते. इथे ताईने अर्धी पुडी साखर घातलेल्या मऊ जेलीवर पेरली. साखर! मला माझे बालपण आठवले. कित्येक महिन्यांनी त्या जेलीवर खसखशीएवढे हिरवे ठिपके उमटले. खारोबा भिंगातून पाहतच राहिला.

"फूल कधी येईल गं?"

"वर्षं लागतील. रोपं झाडावर बांधायला चढशील ना?"

"चढेन की. शिडी तू धर."

आता माझे कडे नवे आहे, मणी निळे आहेत आणि पोटात उरलेली अर्धी पुडी आहे. ताई मला दर ऋतूला उजेडात धरते. तुम्हीही जे जपाल, त्याच्याकडे अधूनमधून असेच पाहत जा, मित्रांनो. आणि झाडे उभी आहेत तोवर त्यांच्यापाशी जा. बिया मी सांभाळीन. पण ज्यावर ते फूल उमलत असे, तो वृक्षाचा खांदा माझ्यापाशी नाही.