बियाण्याच्या वहीची राखणदारीण

मित्रांनो, मी एक जुनी राखणदारीण आहे. मला हात नाहीत, काठी नाही. पिंपळगाव राजा येथील एका घरच्या संगणकात माझा मुक्काम आहे आणि लोक मला फायरवॉल म्हणतात. बाहेरून जो कोणी आत शिरू पाहतो, त्याला उंबऱ्यावर थांबवून 'कोण आपण? काय काम?' असे विचारणे हा माझा धर्म. आज मी रागावलेली आहे, आणि तो राग मी लपवणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी या घरची सून योगिनी हिने खामगावहून हा संगणक आणला. पहिल्याच दिवशी तिने सेटिंग्जमध्ये मला शोधून काढले. घरच्या 'खाजगी' नेटवर्कच्या जाळ्यावर आणि बाहेरच्या 'सार्वजनिक' जाळ्यावर, दोन्हीकडे मी चालू आहे, याची तिने खातरजमा केली. इतका मान मला पुढे कुणी दिला नाही.

तिच्या सासूबाई सोजराबाई भाजीपाल्याचे बी पुड्या बांधून मडक्यात राखतात. पुड्यांवर केवळ आकडे असतात. कोणत्या आकड्याचे कोणते वांगे, ते कुणाच्या वाफ्यातून आले, कधी पेरावे, हे सारे योगिनीने संगणकातल्या वहीत उतरवले होते. त्या वहीवर माझा पहारा होता.

पुढे सासरे तुळशीराम यांना संगणकावर भजने ऐकण्याचा नाद लागला. कुठलासा फुकटचा प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला. मी तत्काळ विचारले, 'याला परवानगी द्यावी का?' त्यांनी 'होय' दाबले. त्यामागून आलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला अडवले, पुन्हा 'होय'!

"मामाजी, न वाचता काऊन दाबता?" योगिनीने विचारले.

"आपल्या घरची रीत हाय ते. दारात आलेल्याले नाई म्हनू नाई. आधी पानी द्यावं."

पाहुण्याचे नावगाव न विचारता त्याच्या हाती घराची किल्ली देणे, ही कुठली रीत? पुढे त्या प्रोग्रामनेच पडद्यावर लिहिले, 'भजन अडखळू नये म्हणून फायरवॉल बंद करा.' आणि यांनी मला बंद केले! चोराने सांगावे, कुत्रे बांधून ठेवा, आणि मालकाने साखळी शोधत फिरावे!

चौथ्या दिवशी योगिनीने वही उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या निरर्थक खुणा. मी बंद असताना त्या प्रोग्रामच्या वाटेने चोर आत शिरला होता आणि त्याने वहीची नासधूस केली होती. पेनड्राइव्हवरची प्रत तीन वर्षांपूर्वीची निघाली. त्यानंतरच्या एकतीस पुड्या मुक्या झाल्या.

सोजराबाईंनी सर्व पुड्या मांडीवर घेतल्या, एकेक हुंगून पाहिली आणि खाली ठेवली. मग त्या पतीकडे वळल्या.

"आपन पाहुन्याले पानी कुठं देतो?"

"ओसरीवर."

"अन् बियाच्या मडक्याले हात लावू देतो काय कोनाले? म्या सख्ख्या बहिनीलेबी नाई लावू देला. मंग हे कोन सोयरे आले होते तुमचे?"

इतकी वर्षे मी जे सांगत होते, ते या बाईने संगणकाला बोटही न लावता सांगितले.

योगिनीने संगणकातले सारे पुसून तो नव्याने बसवला आणि मला पुन्हा पहाऱ्यावर उभे केले. आता वहीची प्रत दर रविवारी पेनड्राइव्हवर घेतली जाते आणि तो सोजराबाईंच्या मडक्याशेजारी राहतो. कारण मी एकटी सगळेच चोर अडवू शकत नाही. पडद्यावर माझ्या प्रश्नाची खिडकी उघडली की तुळशीराम आता हाक मारतात, "योगिनी, हा कोन हाय, पाह्य बरं!" ओळख पटली नाही, तर ते स्वतः 'नाही' दाबतात. ही सुबुद्धी आधी झाली असती तर!

एकतीस पुड्यांतले चिमूट चिमूट बी वाफ्यांत पेरले आहे. फळ धरल्यावर रोपे आपले नाव सांगतील. परंतु त्यातले एक बी धाड गावच्या महामायाबाई या जुन्या मैत्रिणीने हे जग सोडण्याआधी सोजराबाईंच्या ओंजळीत घातले होते. ते कोणते, हे कोणतेही रोप सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या संगणकातही माझी एक बहीण असेल. आज घरी गेल्यावर आधी पाहा, ती पहाऱ्यावर उभी आहे, की तुम्हीच तिला बांधून ठेवले आहे.