शेवटचा उठेपर्यंत

देवदत्त खांबेटे न्यायी माणूस होता, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी पक्की दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. कॉलनीच्या मीटिंगमध्ये त्यानं एकदा स्वतःच्याच कुंपणाविरुद्ध मत दिलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या पाककृती स्पर्धेत परीक्षक म्हणून बसला, तेव्हा सख्ख्या मेहुणीला सगळ्यात कमी मार्क देऊन आला. त्या दिवाळीला मेहुणीकडून चकल्या आल्या नाहीत. त्याची बायको मीनाक्षी म्हणायची, "तुझ्या न्यायाचा फटका नेहमी आपल्याच माणसांना कसा रे बसतो?" देवदत्तला हे कौतुकच वाटायचं.

अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका कंपनीत तो वीसेक वर्षं नोकरी करत होता. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने ठेवायचे फ्रीज असतात, त्यांचं तापमान सतत सर्व्हरला कळवत राहायचं, असलं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. फ्रीजवरचा प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यामध्ये बोलणी करणारी, 'सी' भाषेतली एक लायब्ररी होती, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड. ती देवदत्तनं एकहाती लिहिली होती, डोक्यावर केस होते तेव्हा. तिच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर त्यानं ठणकावून लिहिलं होतं, की एकाच वेळी कितीही थ्रेडमधून वापरा, काळजी नको. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारीशेजारी चाललेली कामं. दोन कामांनी एकाच वस्तूला एकाच वेळी हात घातला की घोळ होतो, आणि तसा घोळ आपल्या लायब्ररीत होणार नाही, असा तो शब्द होता.

रेणू भुसारी नागपूरची. कंपनीत लागून तिला दोन वर्षं होत आली होती, आणि फ्रीजवरचा प्रोग्रॅम आता तीच सांभाळायची. एकटी राहायची, व्हिसावर होती आणि कारमध्ये बसल्या बसल्या बडबडायला लागायची. मीनाक्षीनं तिला पहिल्याच गणपतीत घरची करून टाकली. शनिवारी रेणू जेवायला नसली, तर मीनाक्षी देवदत्तलाच विचारायची, "काही बोललास का तिला?" ऑफिसात रेणू त्याला बाकीच्यांसारखी 'देव' म्हणायची आणि इंग्रजीत बोलायची. तो त्याचाच नियम होता. पूर्वी त्यानं एका मित्राच्या भाच्याची शिफारस केली होती. भाचा दिवटा निघाला, आणि कॅन्टीनमध्ये कोणीतरी हसत हसत 'तुमची मराठी गँग' म्हणालं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा देवदत्त तेव्हापासून फुंकत होता. पार्किंग लॉटमध्ये मात्र रेणूचा 'देव' गळून पडायचा आणि 'काका' सुरू व्हायचं.

सप्टेंबरात शेजारच्या कॅरी गावी गणपतीच्या नाचाच्या तालमीला जाताना ती त्याच्या गाडीत होती.

"काका, एक सांगू? ते फ्रीजवालं ॲप क्रॅश होतं ना, ते माझ्या कोडमध्ये नाही वाटत. तुमची लायब्ररीच कुठंतरी गडबड करून राहिली. एक थ्रेड मेसेज वाचत असतो आणि त्याच टायमाला दुसऱ्यानं कनेक्शन क्लोज केलं, की..."

"रेणू," देवदत्त म्हणाला, "ऑफिसचं ऑफिसमध्ये. तिकीट टाक, मी बघतो."

ती म्हणाली, "सॉरी काका," आणि तालमीतल्या कोणाच्या तरी लुगड्याविषयी बोलायला लागली.

तिनं तिकीट टाकलं, म्हणजे रीतसर तक्रार नोंदवली. देवदत्तनंही रीतसर बघितलं. डीबगर लावून प्रोग्रॅम एकेक पायरी चालवला. डीबगर लावला की सगळंच सावकाश चालतं, आणि सावकाश चालणारी दोन माणसं दारात एकमेकांवर आदळत नाहीत. लायब्ररी मस्त चालली. 'पुन्हा घडवून आणता आलं नाही' असा शेरा मारून त्यानं तिकीट बंद केलं. 'क्लोज'च्या फंक्शनवरून नजर फिरवताना त्याच्या मनात काहीतरी खुट्ट झालं होतं. कनेक्शन चालू आहे का हे आधी तपासायचं आणि मग वाचायचं, असं त्यानं लिहिलं होतं. त्या दोन्हींच्या मधे कोणी येऊन ते बंद केलं तर? पण वर्षानुवर्षं कोणी आलं नव्हतं.

ऑक्टोबरात एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे ॲप रात्रभर बंद पडून राहिलं आणि कंपनीत पळापळ झाली. देवांग, त्यांचा डायरेक्टर, न्यू जर्सीत वाढलेला आणि वयानं देवदत्तपेक्षा बराच लहान, त्यानं सगळ्यांना खोलीत बसवून सरळ विचारलं, "देव, इज द लायब्ररी क्लीन?"

रेणू समोर बसली होती. तिनं देवदत्तकडे पाहिलं.

'एका जागी मला शंका आहे, आठवडाभर द्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर सगळ्यांना वाटलं असतं की हा आपल्या माणसाला वाचवतोय. निदान देवदत्तला तसं वाटलं. आणि स्वतःच्या लायब्ररीवर, स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर शंका घ्यायची, हेही जिभेवर येईना. यातलं न्यायाचं किती आणि मानाचं किती, ते त्यानं तेव्हा मोजलं नाही.

"येस," तो म्हणाला. "इट्स क्लीन."

मग चूक रेणूच्याच कोडमध्ये, असं ठरलं, आणि त्याच महिन्यात तिची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाही तर बॅगा भरायच्या. मीनाक्षीनं ऐकलं तेव्हा तिनं डाळीची फोडणी जळू दिली. "तू काही बोललास का रे?" तिनं विचारलं. देवदत्त म्हणाला, "मी कसा बोलणार? लोक म्हणाले असते आपल्या माणसाचं घेतोय." मीनाक्षीनं गॅस बंद केला आणि ती जेवायला बसलीच नाही.

रेणूचा कोड वेद नावाच्या पोरानं नव्यानं लिहिला. सगळा. दोन आठवडे बरे गेले आणि ॲप पुन्हा कोसळलं, अगदी तसंच.

मग मात्र देवदत्तला चैन पडेना. शनिवारी दुपारी, डेकवरच्या पाइनच्या काड्या झाडायच्या सोडून, तो लॅपटॉप घेऊन बसला. कोणता थ्रेड कोणाच्या आधी कुठल्या मेमरीला हात लावतो ते पाहणारं एक टूल असतं. त्याच्या जुन्या लायब्ररीला ते जोडायचं म्हणजे कटकट होती, म्हणून त्यानं ते कधी केलं नव्हतं. आता केलं. चहाचा कप ओठाला लावेपर्यंत टूलनं बोट दाखवलं: त्याचं 'क्लोज', त्याचं वाचन, त्याच्याच हाताच्या ओळी. पंगतीत जेवणारा अजून पानावर बसलेला आणि वाढप्यानं पान उचलून नेलं, असा तो प्रकार होता. जेवणाऱ्याचा हात जमिनीवर पडत होता. रेणूनं गाडीत अर्ध्या वाक्यात सांगितलं होतं, तेच.

त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. देवांगला, आणि त्याच्याही आधी रेणूला. देवदत्तनं फोन हातात घेतलाही. मग वाटलं, नुसतं रडगाणं घेऊन कशाला जायचं? दुरुस्ती करू, टेस्ट करू, आणि पक्कं काम हातात घेऊनच बोलू. अर्धवट काही कोणाला दाखवायचं नाही, ही त्याची आयुष्यभराची शिस्त होती. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही होतं. ते त्यानं स्वतःपासूनही झाकलं.

सोमवारपासून तो दुरुस्तीला लागला. आधी सगळीकडे कुलपं घातली, की एक थ्रेड आत असेल तर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. तर दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपासमोर कायमचे ताटकळत उभे राहिले. क्रॅश गेला आणि ॲप जागीच थिजलं. कुलपं काढली, जागा बदलल्या, पुन्हा घातली. शेवटी कुलपाच्या सोबतीनं त्यानं हिशेब ठेवायची रीत घातली. कनेक्शन वापरायला येणाऱ्यानं आपली नोंद करायची, जाताना पुसायची. क्लोज कोणीही म्हणो, शेवटचा उठेपर्यंत पान उचलायचं नाही. एवढंच. पन्नासेक ओळींचं काम. ते टेस्टमधून निर्धोक बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मीनाक्षीनं जेवताना रेणूचं नाव काढलं, की तो आमटी मागायचा.

मग तो देवांगकडे गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. चूक लायब्ररीत होती, रेणूच्या कोडमध्ये नव्हती, तिला परत घ्या. देवांग भला माणूस. त्यानं दुरुस्तीचा पॅच पाहिला, खांद्यावर थाप मारली. "ग्रेट कॅच, देव!" तो म्हणाला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, की रेणूची जागाच आता उरलेली नाही, बजेट बंद झालं, पुढच्या वर्षी बघू. आठवड्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये देवदत्तसाठी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या तोंडात मारल्यासारख्या लागल्या.

शनिवारी रेणू आली. नागपूरचं तिकीट निघालं होतं, मंगळवारचं. राइस कुकर, मिसळणाचा डबा, झाडाची एक कुंडी असं सगळं मीनाक्षीला द्यायला आणलं होतं. मीनाक्षीनं तिच्यासाठी थालीपीठ लावलं. देवदत्त टेबलाशी येऊन बसला.

"रेणू, एक सांगायचंय. तो क्रॅश... तुझा नव्हता. माझा होता. लायब्ररीतला. तू म्हणाली होतीस तसाच."

रेणूचा घास हातात राहिला. मग ती हसली. इतकं मोकळं, की देवदत्तला वाटलं आपण सुटलो.

"म्हणजे माझा कोड बरोबर होता?" तिचे डोळे भरून आले. "काका, किती वाचला मी तो. रोज वाचायची. मला वाटलं मलाच येत नाही काही. बाबांना पण तसंच सांगितलं मी." तिनं नाक पुसलं, आणि मग कोणताही इंजिनिअर विचारतो तो प्रश्न विचारला. "कधी सापडला?"

'याच आठवड्यात' म्हणता आलं असतं. पॅच याच आठवड्यात गेला होता. शब्दाला शब्द धरला तर खोटंही ठरलं नसतं. मीनाक्षी उलथनं हातात घेऊन तव्यापाशी उभी होती.

"तीन-साडेतीन आठवडे झाले," देवदत्त म्हणाला. "दुरुस्ती पक्की झाल्यावर सांगावं, म्हणून..."

रेणू मनात काहीतरी मागे मोजत गेली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. ते काढायचं तिला सुचलं नसावं.

"बेलव्ह्यूच्या कंपनीच्या इंटरव्ह्यूचा लास्ट राउंड मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी होता," ती म्हणाली. "सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का गेली. मी खरं सांगितलं. म्हटलं, चूक माझी होती. थ्रेडिंग मला नीट कळलं नव्हतं, त्यातून शिकले. ऑनेस्टली सांगावं म्हटलं."

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं तेव्हा मीनाक्षीनं गॅस बंद केला. "बैल गेला अन् झोपा केला," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"मी त्यांना फोन करतो," देवदत्त घाईनं म्हणाला. "लिहून देतो. माझ्या नावानं, माझी चूक म्हणून."

"त्यांनी दुसऱ्याला घेतलं," रेणू म्हणाली. "मागच्या शुक्रवारी."

तिनं थालीपीठ पूर्ण खाल्लं. अन्न टाकणाऱ्यांतली नव्हती ती. ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, मीनाक्षीच्या पाया पडली, आणि मीनाक्षीनं मिठी मारली तेव्हा बराच वेळ तशीच उभी राहिली. देवदत्तनं तिच्या सामानाची रिकामी झालेली खोकी उचलून गाडीपर्यंत नेली. नेण्यासारखं त्यांत काही नव्हतं, पण हातात काहीतरी हवं होतं. त्याला तिची माफी मागायची होती. घरातून गाडीपर्यंत त्यानं ती मनात तीनदा मागितली, आणि दार उघडताना तोंडातून निघालं ते, "टायरमध्ये हवा कमी दिसतेय."

"हो, भरते," ती म्हणाली.

तिनं काच खाली केली. ड्राइव्ह-वेवर दोघांशिवाय कोणी नव्हतं. शेजाऱ्याच्या लॉनवर पानं उडवायचं मशीन तेवढं घरघरत होतं.

"थँक्स फॉर टेलिंग मी, देव," रेणू म्हणाली, आणि गाडी मागे घेऊन निघून गेली.

तो खोकी धरून उभा राहिला. मीनाक्षी दारात आली.

"काय म्हणाली रे जाताना?"

"थँक्स म्हणाली," देवदत्त म्हणाला, आणि खोकी चपटी करायला खाली बसला.