बकऱ्यांपुरती सूट

धान निघाले की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आधी फेकलेली लाखोरीची डाळ कोवळी वर येते, आणि गावातल्या बकऱ्यांना ते माणसांआधी कळते. म्हणून गेल्या साली ग्रामसभेने नियम केला: लाखोरी निघेपर्यंत बकऱ्या बांधून ठेवायच्या, मोकळी दिसली तर दंड. ठराव एकमताने झाला. कलाबाई तेव्हा दुसऱ्याच्या बांधीत धान कापत होती.

तिला ना जमीन, ना नवरा. आहेत त्या चार बकऱ्या. बांधून ठेवल्या तर त्यांना खाऊ काय घालायचे? सरपंच सुलोचनाबाई भल्या बाई, पण म्हणाल्या, सभेने केलेले सभाच बदलू शकते. पुढच्या सभेला माणसेच जमली नाहीत, ती तहकूब झाली. त्यानंतरची नालीच्या भांडणात गेली. दर वेळी मजुरी बुडवून यायचे, सतरंजीवर बसायचे आणि तसेच परत जायचे. सगळा हिवाळा पाला तोडून तोडून बाई मेटाकुटीला आली.

यंदा अखेर चंद्रकुमार तिच्या बाजूने उभा राहिला. गावातला मोठा शेतकरी, त्याच्या शब्दाला वजन. ‘भूमिहीनांच्या बकऱ्या वगळून’ एवढे शब्द त्यानेच ठरावात घालून घेतले. कलाबाईला वाटले, देवमाणूस आहे.

लाखोरी वर आली आणि एका सकाळी देवमाणसाच्या बकऱ्यांचा कळप तिच्या अंगणात येऊन थांबला. मागून तो स्वतः आला.

“काकू, आता या बी तुह्याच. कोणी पुसलं तर तसंच सांगजो.”

नाही म्हणायची सोय नव्हती. तिची वर्षभराची मजुरी त्याच्याच बांधीत होती. मग आणखी दोघांनी आपल्या आणून सोडल्या. एकटी बाई किती हाकणार? सोमाजीची जेमतेम दोन बांध्यांची लाखोरी दोन दिवसांत भुईसपाट झाली. तो तिच्या दारात आला, कळपाकडे पाहत राहिला आणि निघून गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

यावेळी सभेला बसायला जागा नव्हती. गाव खवळलेले पाहून, सूट रद्द करा, असा ठराव चंद्रकुमारनेच मांडला. गरिबाचे भले करायला गेलो तर असे होते, असेही वर म्हणाला. या माणसाच्या तोंडाला काय म्हणावे!

सुलोचनाबाईंनी कलाबाईला उभे केले. कोणाच्या बकऱ्या कोणत्या ते सांग, तुझ्या चारांची सूट आपण राखू, असे म्हणाल्या. सगळी सभा तिच्याकडे पाहू लागली. नाव घेतले तर उद्यापासून मजुरी नाही. आणि सूट राहिली, तर तोच कळप पुढच्या साली पुन्हा अंगणात.

“बंद करा ते सूट, बाई,” ती म्हणाली. “मी दुसऱ्याच्या बकऱ्या राखून राखून थकली.”

ठराव मताला टाकला तेव्हा पहिला हात तिचा वर गेला. मग ज्यांच्या बकऱ्या तिच्या अंगणात सोडलेल्या होत्या, त्यांचेही हात एकेक करून वर आले.