पिशवी रिक्षात ठेवल्यावर

चिखले गावच्या किनाऱ्यावर सदानंदची होडी होती आणि होडीपेक्षा त्याची मतं मोठी होती. मुसलमान बायकांची त्याला कीव यायची, गोऱ्या बायकांचा राग.

"एकीला तोंड नाही, दुसरीला लगाम नाही! आपल्यात बघा. बाई बाजार सांभाळते, पैसा तिच्या कमरेला."

त्याची लेक हेतल मागच्या पडवीत बसून होती. मनगटावर चटका. नवऱ्याने, जिग्नेशने, तापला तवा टेकवला होता.

आज जिग्नेश तलासरीहून तिला न्यायला येणार होता. सदानंदने होकार कळवला होता.

कुणाला विचारून, मंडळी?

हमीदाबीनेही तेच विचारलं. सुके बोंबील घ्यायला ती कितीतरी वर्षं या घरी यायची.

"भाऊ, पोरीला विचारलंत?"

"बाप आहे मी तिचा."

"माझ्या निकाहात मला विचारलं होतं. कबूल आहे का म्हणून."

"मग? हो म्हणालीस ना?"

"बाहेर बिर्याणीचे डेग चढले होते, भाऊ. नाही म्हणायला तोंड होतं, जागा कुठे होती? पुढे मीच खुला मागितला, बायकोने मागायचा तलाक, आणि सुटले. सख्खा भाऊ अजून ईदला येत नाही."

"ते तुमच्यात. त्या गोऱ्या बायका तर उठसूट..."

"उठसूट काय?" बोंबील पलटत सदानंदची बायको मैना म्हणाली. "माझा भाचा नयन जहाजावर आहे ना, त्याच्या कंपनीच्या ऑफिसात एक गोरी बाई आहे. कायदा आहे, पोलीस आहेत, तरी सुजलेला डोळा घेऊन कामावर येते. घर सोडून जाऊ कुठे, म्हणते."





तेवढ्यात रिक्षा. हॉर्न. जिग्नेश खालीसुद्धा उतरला नाही. सदानंदने सवयीने हेतलची पिशवी उचलली, रिक्षात ठेवली आणि वळला. समोर लेक. तिचं मनगट.

"हेतल, बाळा, तुला जायचंय का?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं त्याने! शेजारी दारात आले. हेतलने पिशवीकडे पाहिलं. जिग्नेशकडे. शेजाऱ्यांकडे.

"जाते, पप्पा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ती बसली, रिक्षा निघाली.

"बघ, विचारलं मी," सदानंद हमीदाबीला म्हणाला.

"पिशवी आधी ठेवलीत, भाऊ."

तो धावला. अनवाणी, वाळूतून डांबरी रस्त्यापर्यंत. रिक्षा वळून गेली होती.

नागरिकहो, लेकीला विचारा. पण ती नाही म्हणाली तर आज कुठे झोपेल, कुणाच्या ताटात जेवेल, हे आधी ठरवा. तिच्यादेखत, चारचौघांत सांगा. मग विचारा. नाहीतर काझींसमोर काय, कोर्टात काय, आपल्या ओट्यावर काय, तिचा होकार हा होकार नसतो.

सदानंदला हे आता कळतं. बंदरावर भेटेल त्याला तो ते सांगतो. रोज तलासरीला फोनही लावतो.

फोन जिग्नेश उचलतो. हेतल बरी आहे, म्हणतो.